मलकापूरचा दाखला

धाड, मळ्यातलं घर
८ जुलै २०२४

सुभद्राबाई यांस,

अक्षर पाहून वळखाल की हे वहिनीचं आहे, अन् पत्र फाडाले घ्याल. फाडू नका. काम माह्यं नाही, तुमच्या भावाचं आहे.

फोन चार वेळा लावून पाह्यला. माहा आवाज ऐकला की तुमच्या घरची रेंज जाते. म्हणून ह्या सातवी पास बाईनं पेन उचलला आहे. चुका झाल्या तर हसा, पण काम करा.

ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती पाहिजेत. शिक्का-सहीच्या. झेरॉक्स कोणी घेत नाही. एक तलाठ्याले, सातबाऱ्यावर वारस लावाले. एक बँकेत. एक विजेच्या हापिसात, विहिरीवरच्या मोटारीचं मीटर त्याईच्याच नावावर आहे म्हणून. अन् दोन घरी राहू दे म्हणते मयुरी, कारण सरकारी टेबलावर ठेवलेला कागद पुन्हा घर पाहत नाही. दाखला मलकापूरच्या नगरपरिषदेत मिळते. तुमच्या घरापासून ते हापिस पायी जाण्यासारखं आहे. अर्ज करा, त्याईच्या आधार कार्डाची झेरॉक्स सोबत लावली आहे. तारीख २८ फेब्रुवारी.

मलकापुरात नोंद काऊन, असं विचाराल. छातीत दुखत होतं, तर दाखवाले तिकडं नेलं होतं. कागद तिकडं झाले, म्हणून नोंदही तिकडं पडली. एवढंच. बाकी काही नाही.

पोराले पाठवलं असतं, पण हर्षल शेवग्यावरून पडून पाय मोडून बसला आहे. मयुरी तिकडं अमडापूरले शाळेत शिकवते, पोरीले सुट्टी भेटत नाही. माह्यं म्हणाल तर मले बुलडाण्याच्या पुढं एसटीत मळमळते, हे तुम्हाले माहीत आहे.

आता हे ‘तुम्ही तुम्ही’ लिहून हाताले मुंग्या आल्या. अगं, मी ह्या घरात लग्न होऊन आली तवा तू नऊ वर्षांची होती. तुह्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तुले आता कुठून तुम्ही म्हणू? अकरा वर्षं बोलली नाही म्हणून वय थोडंच वाढते? वाढते म्हणा. दोघींचंही वाढलं.

तू त्या दिवशी आली, तवा चिता पेटलेली होती. फाटकातूनच पाहून, पाणी न पिता गेली. मी तुले थांब म्हटलं नाही. ते डोक्यात आहे माह्या.

मळा बरा आहे. वांगी लागली. मिरचीची रोपं टाकली आहेत. हर्षलची पोरगी दिवसभर माह्यामागं फिरते. तुह्या भावाच्या मागं सगळं कसं चालेल असं वाटलं होतं, पण चालून राह्यलं आहे, बरं चालून राह्यलं आहे. दाखल्याचं तेवढं कर.

तुही वहिनी,
अन्नपूर्णा

---

धाड
२४ जुलै

सुभद्रा,

तुह्यं कार्ड भेटलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ? ‘दाखला मी आधी वाचून पाह्यला. मृत्यूचं ठिकाण मलकापूर आहे. भाऊ घरी गेला असं तुम्ही सांगतलं होतं. तो मलकापुरात काय करत होता?’ चार ओळी झाल्या म्हण. बापावर गेली आहे तू, हिशोबानं शब्द वापरते.

मी दोन दिवस कार्ड पदरात घेऊन फिरली. मयुरी म्हणे, आई, लिहून टाक, नाहीतर उन्हात वाळवलेल्या पापडावानी तडकशील. तर लिहिते.

ते घरी गेले नाहीत. तुह्या मलकापुरात गेले. दवाखान्यात, दुपारी एकच्या सुमाराले.

सकाळी मले म्हणे, बुलडाण्याले मिरचीचं बियाणं पाहाले जातो. धुतलेलं धोतर नेसले, टोपी बदलली. मी मनात म्हटलं, बियाणं पाहाले एवढा नवरदेव कायले होऊन राह्यला? पण विचारलं नाही. बुलडाण्याच्या स्टँडवरून फोनही केला, म्हणे दुकानातच आहे. अन् तिथून मलकापूरची गाडी धरली. तुह्याकडं येत होते ते. मलकापूरच्या स्टँडवर उतरले, तिथंच छातीत कळ आली. एका रिक्षावाल्यानं दवाखान्यात नेलं. अर्धा तास होते तिथं.

हर्षल अन् आपला चुलतपुतण्या गोपाल जीप घेऊन गेले, तोवर सगळं आटोपलं होतं.

आता पुढचं माह्यं कर्तृत्व ऐक. आपल्याकडं घराबाहेर जीव गेलेल्या माणसाले उंबरठ्याच्या आत घेत नाहीत, परस्पर मसणात नेतात. तुह्या भावानं हे घर वीट वीट उभं केलं, ह्या ओसरीवर त्याईनं चाळीस वर्षं चहा पिला, अन् त्याईले मी फाटकावरून परत धाडू? मी हर्षलले फोनवर सांगतलं, जीव आहे म्हणा. वाटेत कोणी भेटलं, फाटकात कोणी आलं, तरी जीव आहे म्हणा. हर्षल रडायले लागला. पण गोपाल! तो जन्माचा नाटकी. त्यानं दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणली अन् जीपमध्ये हातानं उंच धरून बसला. मलकापूर ते धाड, सगळी वाट. हात खाली केला नाही त्यानं. गावच्या वेशीत लोकांनी पाह्यलं, सलाईन चालू आहे. उतरवलं, ओसरीवर टाकलं. मी वाटीत पाणी अन् तुळशीचं पान घेऊन आली, सगळ्या बायांसमोर तोंडात घातलं. ते ओघळून मानेवर आलं. मी पदरानं पुसलं. अन् मंग म्हटलं, गेले.

गाव अजून तेच मानते. धाडच्या ग्रामपंचायतीत मी तशीच नोंद कराले गेली होती. ग्रामसेवकानं फॉर्म भरला, पंच म्हणून दोन शेजाऱ्यांची नावंही लिहिली. तेवढ्यात मयुरीनं पर्समधून दवाखान्याचा कागद काढून टेबलावर ठेवला. म्हणे, ‘आई, बाबा एकदाच गेले. दोन ठिकाणी नोंद नाही होत.’ दवाखान्यानं आधीच मलकापूरले कळवलेलं होतं. ग्रामसेवक भला माणूस. त्यानं फॉर्म घडी करून माह्या हातात दिला, कोणाले बोलला नाही. म्हणे, मावशी, माणूस जिथं गेला तिथलंच दप्तर. तुम्ही मलकापुरात मागा.

आता तू म्हणशील, भाऊ माह्याकडं काऊन येत होता, अकरा वर्षांनी?

मयुरीचं लग्न चैत्रात धरलं होतं. पत्रिका छापून आल्या होत्या. पहिली कुलदैवताले ठेवली. दुसरी त्याईनं कधी उचलली मले कळलं नाही. दवाखान्यानं त्याईची कापडी पिशवी दिली. तिच्यात आपल्या मळ्यातली वांगी होती, काटेरी, तुले आवडतात ती. अन् ती पत्रिका, हळद लावलेली. वर त्याईच्या हातानं लिहिलेलं, ‘चि. सुभी’. बस, एवढंच.

वांगी सुकली. पत्रिका माह्याजवळ आहे.

आता जुन्या पत्रिकेचं सांगते, आलंच आहे तर. हर्षलच्या लग्नात तुह्या नवऱ्याचं, गणेशरावचं नाव जावयांच्या ओळीत नव्हतं, म्हणून तू लग्नाले आली नाही, अन् तिथून ही सगळी शांतता. आम्ही म्हटलं, प्रेसवाल्यानं गाळलं. प्रेसवाला बिचारा फुकट बोलाचा धनी झाला. तुह्या भावानं यादी लिहून देली होती, गणेशरावचं नाव सगळ्यात वर. मी प्रेसमध्ये गेली अन् त्या नावावर रेघ मारली.

काऊन? आठव, हर्षलच्या साखरपुड्याची पंगत. नव्या सोयऱ्यांसमोर गणेशराव म्हणे, ‘वहिनीच्या वांग्याच्या भाजीत मसाल्यापेक्षा मिजास जास्त आहे.’ सगळी पंगत हसली. मी हातात भांडं घेऊन उभी होती. तेवढ्यावरून. काट्याचा नायटा मी केला, तुह्या भावानं अकरा वर्षं तो आपल्या आंगावर वागवला. त्याईले माहीत होतं रेघ कोणाची. कधी बोलले नाहीत.

झालं. लिहिलं. आता दाखला दे नाहीतर नको देऊ.

नको, दे. तलाठी तिसऱ्यांदा विचारून राह्यला.

अन्नपूर्णा

---

धाड
१८ ऑगस्ट

सुभद्रा,

तीन आठवडे झाले. पोस्टमन फाटकासमोरून जाते अन् मी उगीच झाडू घेऊन अंगणात येते. तुह्यं काही नाही.

उद्या राखी आहे. दरवर्षी ह्या दिवशी तुहा भाऊ सकाळी आंघोळ करून ओसरीवर बसायचा, दुपारपर्यंत. कोणाची वाट पाहतो असं म्हणायचा नाही. म्हणायचा, पेपर वाचून राह्यलो. पेपर कालचा असायचा.

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुले वाटलं असेल. मलेही तसंच दाखवायचं होतं. एक गोष्ट ठेवली होती पोटात. गणेशरावच्या नावावर मारलेली रेघ सांगणं सोपं होतं, म्हणून ती आधी सांगतली.

दवाखान्यातून फोन मले आला होता. तुह्या भावाचा तो बटनांचा फोन, शेवटचा नंबर घरचाच होता, त्या नर्सबाईनं तोच लावला. तवा ते जिवंत होते, सुभद्रा. बोलत होते. ती पोरगी म्हणे, आजोबाले ॲडमिट केलं आहे, घाबरू नका, तुम्ही या. अन् मंग म्हणे, ‘आजोबा म्हणतात त्यांची बहीण इथं जवळच राहते. बोलवू का त्यांना?’

मी म्हटलं, ‘नको. आम्ही येऊन राह्यलो.’

एवढंच म्हटलं.

मले माहीत नव्हतं की ते जातील. देवाशपथ माहीत नव्हतं. मले वाटलं, ऊन लागलं असेल, चक्कर असेल, संध्याकाळी घरी येऊन जेवतील. त्या घडीले माह्या डोक्यात एकच होतं, की मले बियाण्याचं सांगून हा माणूस बहिणीकडं गेला. माह्यापासून लपून. मले राग आला. आजारी माणसावर राग आला. त्या रागात मी नको म्हटलं, अन् दहा मिनिटांच्या वाटेवर तू तुह्या घरात तांदूळ निवडत बसली असशील.

त्याईनं तुले पाह्यलं असतं. तू त्याईले पाह्यलं असतं. ते माह्या एका शब्दानं झालं नाही. मंग मी तुले घरी गेले असं सांगतलं, अन् तेही उशिरा, म्हणजे तुले मलकापूरचा संशय येऊ नये. लोकाईले दाखवाले सलाईनची बाटली होती. तुह्यासाठी हे होतं.

अजून एक. पहिलं पत्र लिहिलं तवा हर्षलचा पाय बरा होऊन महिना झाला होता. तो म्हणत होता, आई, मी जाऊन आणतो दाखला, एका दिवसाचं काम. मीच नको म्हटलं. मले वाटलं, तो कागद तुह्या हातात पडावा, तू वाचावं, तू विचारावं. तोंडानं सांगाले जीभ वळत नव्हती, म्हणून नगरपरिषदेच्या शिक्क्याआड लपली.

खाई त्याले खवखवे म्हणतात, ते खरं आहे. सहा महिने घशात होतं. आता मले हलकं वाटून राह्यलं, अन् त्याचीही लाज वाटते, कारण माह्यं हलकं झालं ते तुह्यावर गेलं.

दाखला नको पाठवू, हर्षल येऊन नेईल. तू मले माफ कर असं लिहीत नाही. मी असती तर केलं नसतं, तुले माहीत आहे. फक्त मयुरीवर राग ठेवू नको. तिचं नाव तू ठेवलं आहे, तिच्या कानात पहिल्यांदा तू बोलली आहे. तिच्या लग्नाले तिची आत्या नसेल तर ते माह्यामुळं असेल, अन् पोरीनं माह्यं काय वाकडं केलं आहे?

तुही वहिनी

---

धाड
२७ सप्टेंबर

सुभी,

चार दिवस झाले, रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. सही मी केली.

पत्र नव्हतं. दाखले होते. हिरव्या शिक्क्याचे, करकरीत. नाव, हिंमतराव. तारीख. मृत्यूचं ठिकाण, मलकापूर. मी मोजले. चार.

मी म्हटलं, हापिसानं एक कमी दिला. हर्षल म्हणे, आई, मी जाऊन भांडून येतो. त्याले भांडाले कारण पाहिजे असते, माह्यावर गेला आहे. पण मयुरीनं पाकीट उलटं केलं, तर अर्जाची झेरॉक्स निघाली. तुह्या अक्षरातली. मृताशी नातं, ‘सख्खी बहीण’. प्रती, ‘पाच’. मिळाल्याची सही, पाचाची.

हर्षल म्हणे, मंग पाचवी कुठं गेली?

मी त्याले म्हटलं, बस खाली. कुठं गेली नाही. जिथं पाहिजे तिथं आहे.

पाचातल्या दोन घरी ठेवायच्या होत्या. एक ह्या घरी राह्यली, एक त्या घरी. तुहा भाऊ तुह्याकडं निघाला होता, तुह्या गावापर्यंत पोचला होता, हे सांगणारा दुसरा कागद जगात नाही. मी तर जीव आहे म्हणाले लावून ते पुसून टाकलं होतं. ठेव तो. तुहाच आहे. परत मागणार नाही.

तलाठ्यानं एक घेतला, वारस लागतील. मीटरचं काम झालं. बँकेत सोमवारी जातो आम्ही.

मयुरीचं लग्न आता डिसेंबरात धरलं आहे. वर्षाच्या आत केलं तर ठीक, नाहीतर तीन वर्षं थांबा म्हणतात लोक, अन् व्याही थांबाले तयार नाहीत. नव्या पत्रिका छापल्या. प्रेसमध्ये मी स्वतः गेली होती, जावयांच्या ओळीत गणेशरावचं नाव पहिलं, समोर बसून वाचून घेतलं. प्रेसवाला तोच. त्याले म्हटलं, तुह्यावर अकरा वर्षं आळ होता, आज उतरला. त्याले काही समजलं नाही, चहा पाजला त्यानं.

ह्या पाकिटात दोन पत्रिका आहेत. एक नवी. दुसरी जुनी, तारीख गेलेली, हळदीची, ‘चि. सुभी’ लिहिलेली. ती त्याईनं तुह्याकडं आणाले घेतली होती. पोचवायची राह्यली होती, ती पोचवते.

तू आली तर बरं वाटेल. नाही आली तरी पत्रिका तुह्याजवळ राहील.

अन्नपूर्णा

---

धाड
१२ डिसेंबर

सुभी बाई,

पोचली का नीट? पोरीचं लग्न झालं की घर कसं ओकंबोकं होते, पण मले तसं वाटून नाही राह्यलं. मांडव निघाला, ओसरी झाडली, अन् मी निवांत बसून हे लिहून राह्यली. हर्षलच्या पोरीनं तुही नक्कल सुरू केली आहे, पदर खोचून सगळ्याईले ओरडत फिरते.

गणेशराव काल जाताना पंगतीतल्या भाजीबद्दल काही बोलले नाहीत, म्हणून मीच विचारलं, की मसाला कसा होता? म्हणे, वहिनी, मी आता साठीत आहे, मले अजून पंचवीस-तीस पत्रिकांत नाव पाहिजे. मी हसता हसता खाली बसली. मले वाटते ही एक गोष्ट त्याईनं अकरा वर्षं तयार करून ठेवली होती.

पण ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते वेगळंच आहे.

हळदीच्या दिवशी सगळ्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. मी आत गूळ फोडत होती. शेजारची म्हातारी, तिले सगळ्या गावाचं सगळं पाहिजे असते, तिनं तुले विचारलं. म्हणे, सुभद्रे, तुले भावाचं तोंड पाहाले भेटलं नाही ना गं शेवटी, ते गेले तरी कुठं नेमके, कोणी म्हणे दवाखान्यात, कोणी म्हणे वाटेत. माह्या हातातला बत्ता हातातच राह्यला. मी दाराआड उभी होती, तुले दिसत नव्हती. मले वाटलं, आता सांगते. तुहा हक्क होता. तू सांगतलं असतं तर मी बाहेर येऊन खरं आहे म्हटलं असतं, तेवढी तयारी मी केली होती, खरंच.

तू हळदीचा हात पुसला अन् म्हणाली, ‘इथंच गेला. ह्याच ओसरीवर. वहिनीनं तोंडात पाणी घातलं.’

तू पुन्हा मयुरीले हळद लावाले लागली.

मंग मी आत बसली अन् खूप रडली. गुळाच्या ढेपेजवळ. मयुरीची सासू आली, म्हणे, पोरीसाठी रडता का? मी म्हटलं, हो.

तुह्या घरी, पेटीत का कपाटात कुठं ठेवला असशील, तो कागद आहे. मलकापूर लिहिलेला. शिक्क्याचा, खरा. तरी तू गावासमोर मले माह्यं खोटं परत दिलं, वर तुह्या तोंडची सही करून. असा दाखला कोणतंच हापिस देत नाही, सुभी.

वांगी पाठवून राह्यली, काटेरी. गोपालची जीप उद्या मलकापूरले जाणार आहे, त्याच्याजवळ देते. त्याले चहा पाज, अन् त्याच्या हाताकडं पाह्य. तो हात एवढ्या लांबवर वर धरून आणला होता त्यानं.

राखीले मी येते. बुलडाण्याच्या पुढं मळमळलं तर मळमळलं.

तुही वहिनी,
अन्नपूर्णा